पुढच्या चाकांच्या पोकळीतला वारा: लायनर, रबरी पट्टी आणि मडफ्लॅप

गणेश चवथ झाली, पावसाने उघडीप दिली, की मी गाडी अंगणात उभी करून पुढची दोन्ही चाके काढते आणि मडगार्डच्या आतला चिखल धुऊन काढते. मिरगापासून साचलेला तांबडा चिखल असतो तो. वरचा थर नळीच्या पाण्याने जातो, आतला खरवडावाच लागतो. तीन वर्षांपूर्वी अशीच धुवायला बसले असताना डाव्या चाकावरचा लायनर, म्हणजे मडगार्डच्या आतले काळे प्लास्टिकचे अस्तर, हाताला हलला. खालची कड वीतभर फाटलेली, दोन क्लिपा गायब, आणि पुढचे टोक बंपरपासून सुटून आत लोंबत होते. त्या फटीतून हात घातला तर तो सरळ इंजिनाच्या बाजूला गेला. हात जातो तिथे वाराही जाणार. त्या दिवसापासून मी या पोकळीच्या मागे लागले.

मी राहते गोव्यात, पेडण्याला, नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, मालाची मापे तपासण्याच्या खात्यात. जाऊन-येऊन रोज शंभरेक किलोमीटर होतात. म्हापसा आणि पर्वरीत गाडी रांगते, बाकी रस्त्यावर बऱ्यापैकी वेग मिळतो. गाडी २०१४ सालची वॅगन आर, उभट आणि चौकोनी, म्हणजे वाऱ्याला छाती दाखवणारी. घरच्या हत्यारांनी, गाडीचा पत्रा कुठेही न कापता, वाऱ्याचा विरोध कमी करून पेट्रोल वाचवायला पुढच्या चाकांपाशी काय काय करता येते ते मी इथे सांगते आहे. सगळे मी स्वतः केलेले आहे.

आधी वारा तिथे काय करतो ते पाहू. गाडी पुढे जाते तेव्हा बंपरखाली शिरलेली हवा सरळ मागे जात नाही, ती दोन्ही बाजूंना फाकते. म्हणून पुढच्या टायरवर ती समोरून न येता थोडी आतल्या अंगाने, तिरकी येऊन आदळते. टायरचा बंपरखाली उघडा राहिलेला भाग म्हणजे बोथट भिंतच. त्यात चाक फिरते. गाडी ८० च्या वेगाने जात असेल तर टायरचा माथा रस्त्याच्या मानाने १६० च्या वेगाने पुढे धावत असतो आणि बूड क्षणभर स्थिर असते. हा माथा मागची हवा ओढून पोकळीत पुढे आणतो, खालून आणखी शिरते, आणि बाहेर पडायला नीट वाट नसल्यामुळे ती कडेच्या फटीतून उसळून दारांवर येते. गाडीला होणाऱ्या वाऱ्याच्या एकूण विरोधापैकी साधारण चौथा हिस्सा चाके आणि त्यांच्या पोकळ्या मिळून खातात, असे या विषयात धरले जाते. चाक झाकले तर हे सगळे मिटते, पण पुढचे चाक वळते, त्याला झाकण लावणार कसे? १९९९ ची पहिली होंडा इन्साइट पाहा. तिची मागची चाके अर्धी झाकलेली होती, पुढची उघडी. आपल्या हातात एवढेच उरते, की टायरवर थेट आदळणारी हवा कमी करायची, पोकळीत शिरणाऱ्या वाटा बुजवायच्या, आणि शिरलेली हवा निघते त्या वाटा मोकळ्या ठेवायच्या.

मिळते किती, हा हिशेब आधी करा, म्हणजे नंतर निराशा होत नाही. माझी गाडी माणसासकट साधारण साडेनऊशे-हजार किलोची. टायर रस्त्यावर लोळवायला तिला अंदाजे बारा किलोचा जोर लागतो, आणि वेग वाढला तरी तो फारसा वाढत नाही. वाऱ्याचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० ला पाच किलो, ६० ला अकरा, ८० ला वीस, १०० ला एकतीस. म्हणजे साठच्या आसपास दोन्ही सारखे होतात आणि त्यापुढे वाराच वरचढ. तुमची गाडी फोंडा बाजार ते शाळा एवढीच फिरत असेल तर या कामात तुम्हाला काही मिळणार नाही. त्यापेक्षा दर पंधरवड्याला टायरमधली हवा तपासा. ज्यांचा रोज हमरस्त्याने प्रवास होतो त्यांनी पुढे वाचावे.

दुरुस्तीच्या आधी गाडी काय सांगते ते पाहून घ्या. त्यासाठी आपल्याकडची माती फार कामाची. भुरभुरत्या पावसात, रस्ता नुसता ओला असताना, वीस-पंचवीस किलोमीटर एकसारख्या वेगाने चालवा, घरी या आणि गाडी न धुता तशीच वाळू द्या. पुढच्या चाकामागे, दाराच्या खालच्या भागावर तांबड्या रेघा उमटलेल्या दिसतील. माझ्या गाडीच्या उजव्या बाजूला या रेघा चाकाच्या कमानीच्या मागच्या कडेपासून निघून जवळजवळ आडव्या, दाराखालच्या पायरीला धरून गेल्या होत्या. डाव्या बाजूला, जिथे लायनर फाटला होता, त्या पंख्यासारख्या फाकून दाराच्या मुठीपर्यंत चढल्या होत्या. तीच गाडी, तोच रस्ता. मी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले. लायनर नीट बसवल्यावर पुढच्या पावसात डाव्या रेघाही खाली आल्या. पट्टीचा विचार करण्याआधी लायनर दुरुस्त करायचा, हे मला त्या फोटोंनी शिकवले.

लायनरचे काम सावकाश करण्यासारखे आहे. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना पुढून-मागून अटकाव लावा, जॅकने उचला आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवा. आपल्याकडे अंगणात जांभ्याचा चिरा पडलेला असतो, आणि तो गाडीखाली सरकवायची सवय पुष्कळांना आहे. ते करू नका. जांभा दगड वरून भक्कम दिसतो, पण बिंदूवर भार आला की कडेने भसकन ढासळतो. चाकाला अटकाव म्हणून चिरा चालेल, माणूस गाडीखाली असताना आधार म्हणून कधीच नाही.

लायनर काढला की त्याच्या मागच्या बाजूला उठावाची अक्षरे शोधा. बहुधा पीपी किंवा पीई असे लिहिलेले सापडते. या दोन्ही प्लास्टिकांना दुकानातला गोंद धरत नाही. दोन मिनिटांत चिकटणारा असो की दोन नळ्यांचा, पहिल्याच खड्ड्याला तो पापुद्र्यासारखा सुटतो. मी त्यात एक आठवडा घालवला, तुम्ही घालवू नका. हा लायनर शिवायचा असतो. आधी चीर जिथे संपते तिथे, अगदी टोकाला, चार मिलिमीटरचे गोल भोक पाडा. चिरेचे टोक अणकुचीदार असते म्हणून ती पुढे सरकत राहते, गोल भोकात येऊन ती थांबते. मग चिरेच्या दोन्ही अंगांना, कडेपासून बोटभर सोडून, समोरासमोर भोके पाडत या, दोन भोकांत दोन बोटांचे अंतर. आतल्या बाजूने ठिगळ लावायचे. त्याला इंजिन ऑइलच्या रिकाम्या पाच लिटरच्या डब्याचा सपाट भाग मला सगळ्यात बरा वाटला. तो वाकतो, तुटत नाही. ठिगळ आणि लायनर दोन्हींतून प्लास्टिकचे केबल टाय ओवून आवळा. टायची गाठ इंजिनाच्या बाजूला राहू द्या, चाकाच्या बाजूला गुळगुळीत पाठ. काळेच टाय घ्या, पांढरे उन्हाने लवकर ठिसूळ होतात.

क्लिपा नव्या आणा. स्पेअर पार्टच्या दुकानात लायनरच्या क्लिपा म्हणून सुट्या मिळतात, पण जुनी एक बरोबर न्या, कारण भोकाचे माप गाडीगणिक वेगळे असते. सैल बसली तर पावसाळ्याच्या पहिल्याच डबक्यात जाते. लायनरची पुढची कड बंपरच्या आतल्या कडेवर कशी बसते तेही बघा. पुढून येणाऱ्या हवेला पायरी लागू नये, म्हणजे पुढचा भाग मागच्यावर चढलेला हवा, कौलांसारखा. माझा लायनर आधी कुणीतरी घाईत उलटा दडपून बसवला होता. एवढी एक गोष्ट सुलट केल्याने वारा आत शिरायची मोठी वाट बंद झाली.

काही लायनरांना मुद्दाम ठेवलेल्या फटी किंवा जाळ्या असतात. रेडिएटरमधून आलेली गरम हवा काही प्रमाणात चाकांच्या पोकळीतून बाहेर पडते, त्या वाटा त्याच. मूळ लायनरला जी फट आहे ती ठेवायची, जी फाटून झाली ती बुजवायची. शंका आली तर दुसऱ्या बाजूचा लायनर शेजारी ठेवून बघा, किंवा तीच गाडी दुसऱ्या कुणाची असेल तर वाकून बघा. एप्रिल-मे महिन्यांत, टोलनाक्यासारख्या रांगेत गाडी उभी असताना तापमानाचा काटा कुठे जातो, यावर नजर ठेवा. तो पूर्वीपेक्षा वर जात असेल तर तुम्ही चुकीची फट बुजवली आहे.

आता पट्टी. बंपरच्या खालच्या कडेला, टायरच्या अगदी पुढे, बोटभर-दोन बोटे खाली लोंबणारी काळी पट्टी नव्या पुष्कळ गाड्यांना कारखान्यातूनच लावलेली असते. लोक तिला चिखल अडवायची समजतात. तिचे खरे काम, टायरवर आदळणारी हवा आधीच वळवून टायरच्या दोन्ही अंगांनी काढून देणे हे आहे. पट्टीला स्वतःलाही वारा लागतोच. टायरचा वाचलेला मार पट्टीने खाल्लेल्या मारापेक्षा जास्त असला तरच फायदा. म्हणून मोठी पट्टी म्हणजे चांगली पट्टी नव्हे. टायरच्या बाहेरच्या कडेपलीकडे ती जाऊ द्यायची नाही, आणि उंची थोडकी ठेवायची.

टायरची रुंदी टायरवरच लिहिलेली असते. माझ्यावर १५५/६५ आर १४ आहे, त्यातला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी. हवा आतून तिरकी येते म्हणून मी पट्टी आतल्या बाजूला दीड बोट जास्त ठेवली, एकूण १८० मिलिमीटर. बंपरखाली लोंबणारी उंची ४५ मिलिमीटर. बंपरची खालची कड रस्त्यापासून किती, ते गाडीत माणसे बसवून मोजा. आपल्या गावांतले गतिरोधक कुणाच्या मापाने घातलेले असतात देव जाणे. पट्टीची खालची कड रस्त्यापासून १३० मिलिमीटरच्या खाली आणायची नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम.

आधी पुठ्ठ्याचा नमुना. चवथीच्या मिठाईचे खोके त्याला उत्तम, कापायला मऊ आणि उभे राहण्याइतके ताठ. बंपरची कड सरळ नसते, ती मागे वळत जाते, म्हणून पुठ्ठा कडेला लावून पेन्सिलने वळण उमटवा, कापा, पुन्हा लावा. माझा नमुना चौथ्या खेपेला बसला. वरच्या बाजूला ३० मिलिमीटर जास्त सोडा, ती कड लायनरखाली जाते आणि तिथेच बोल्ट येतात.

पहिल्यांदा मी पट्टी केली ती दीड मिलिमीटरच्या अल्युमिनियमच्या पत्र्याची. देखणी झाली होती. सहाव्या दिवशी घराकडच्या वळणावर, स्टिअरिंग पूर्ण फिरवलेले असताना चाक खड्ड्यात गेले आणि ‘खर्र’ असा आवाज आला. उतरून पाहिले तर पट्टी मागे वाकली होती आणि बोल्टचे बाहेर आलेले टोक टायरच्या बाजूच्या भिंतीला लागून तिथे नखाने ओढावी तशी रेघ उठली होती. भिंतीचे रबर पातळ असते, तिथला काप म्हणजे वेगात टायर फुटण्याला आमंत्रण. पंक्चरसारखा तो बुजवता येत नाही. टायरच्या दुकानदाराने रेघ बोटाने ताणून पाहिली, आतले दोरे दिसत नव्हते, म्हणून टायर वाचला. घरी येऊन त्याच संध्याकाळी दोन्ही पट्ट्या काढल्या. टायरच्या पुढे धातू लावायचा नाही, हे त्या दिवसापासून ठरले, आणि तुम्हालाही मी हेच कळकळीने सांगते.

रबर घ्या. ट्रकच्या मडफ्लॅपचे चार-पाच मिलिमीटर जाडीचे रबर स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. डिचोलीकडे भंगारात खाणीवरच्या पट्ट्याचे तुकडे दिसतात, तेही मी आणून पाहिले. पण त्यात कापडाचे थर असतात, ते फार ताठ आणि जड. मडफ्लॅपचे रबर वाऱ्याने मागे झुकत नाही आणि गतिरोधकाला लागले तर दुमडून पुन्हा सरळ होते, नेमके हवे तसे. कापताना पात्याला साबणाचे पाणी लावत राहा. कोरडे पाते रबरात अडकते आणि हात घसरतो, साबणाने ते लोण्यातून गेल्यासारखे जाते. एका झटक्यात आरपार जायचा हट्ट करू नका, स्टीलच्या पट्टीला धरून तीन-चार हलक्या ओढीत कापा. भोके ड्रिलने पाडू नका, रबर गुंडाळले जाते. चामड्याला भोके पाडायचा पोकळ पंच आणि हातोडी, खाली लाकडाचा ठोकळा.

बसवायला गाडीची आधीचीच भोके वापरायची. लायनरची पुढची कड बंपरला जिथे स्क्रूंनी धरलेली असते, तिथे माझ्या गाडीला दोन भोके मिळाली. नवे भोक पाडावे लागलेच तर प्लास्टिकमध्ये पाडा, पत्र्यात कधीच नाही. समुद्राकडून येणारी खारी हवा आणि पावसाळा, दोन्ही मिळून पत्र्यातले उघडे भोक दोन वर्षांत पोखरतात. रबरावर दाब सारखा बसावा म्हणून त्याच्या पुढच्या अंगाला २० मिलिमीटर रुंदीची अल्युमिनियमची चपटी पट्टी ठेवायची. ती बंपरच्या कडेच्या वर लपलेली, खाली लोंबत नाही. बोल्ट सहा मिलिमीटरचे, स्टेनलेसचे. पण स्टेनलेस आणि अल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की अल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजते, म्हणून दोघांमध्ये नायलॉनचा वॉशर घाला. बोल्टचे गोल, गुळगुळीत डोके टायरच्या बाजूला, नट आणि उरलेले टोक पुढे. माझ्या पहिल्या चुकीतून हा क्रम आला. बाहेरच्या टोकाला बोल्टऐवजी लायनरचीच प्लास्टिकची क्लिप लावा. पट्टी एखाद्या दगडात अडकली तर क्लिप सुटेल, बंपर फाटणार नाही.

मी हे करत असताना शेजारचे मेस्त, ज्यांनी आयुष्यभर गाड्या उघडल्या आहेत, कुंपणापाशी उभे राहून बराच वेळ बघत होते. “ह्यां कित्याक गो लायतंस, बाये?” मी वाऱ्याचे सांगितले. ते आत आले, खाली बसले, चाक हाताने पूर्ण वळवून टायरचा पुढचा कोपरा पट्टीच्या किती जवळ येतो ते पाहिले आणि म्हणाले, गाडी उभी आहे म्हणून हे अंतर दिसते आहे, भार आल्यावर बघ. पुढची तपासणी त्यांच्यामुळे माझ्या कामात आली.

ती अशी. पुढचे एक चाक हळूहळू चढवून रुंद लाकडी ठोकळ्यावर घ्या, हँडब्रेक ओढा, मागे अटकाव. त्या बाजूचे स्प्रिंग दबते, चाक पोकळीत वर जाते. आता स्टिअरिंग एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला. वळताना टायरचा बाहेरचा कोपरा पुढे झेपावतो, तिथे पट्टी आणि टायर यांत निदान ३० मिलिमीटर उरले पाहिजेत. दुसऱ्या चाकालाही तेच. मग पट्टीच्या मागच्या अंगाला ओला खडू फासा आणि घराभोवती, खड्ड्यातून, गतिरोधकावरून, पूर्ण वळणे घेत पंधरा मिनिटे चालवा. काळ्या टायरवर पांढरे दिसले तर पट्टी मागून तासा. माझ्या उजव्या पट्टीचा आतला कोपरा मी असा दोनदा तासला.

ब्रेकचे मी वेगळे सांगते, कारण इथे चूक परवडत नाही. पुढच्या ब्रेकची डिस्क त्याच हवेने थंड होते जी आपण वळवतो आहोत. सपाट रस्त्यावर फरक कळणार नाही, चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना कळेल. मी बेळगावहून येताना चोर्ला उतरून केरीला गाडी थांबवली आणि दुरून तापमान मोजणारे यंत्र डिस्कवर धरले, एकदा पट्ट्या लावून, एकदा काढून. माझ्या गाडीत ध्यानात घेण्याजोगा फरक आला नाही. तुमच्या गाडीत येऊ शकतो, म्हणून मोजाच. त्याच वेळी ब्रेक फ्लुइड किती जुने आहे तेही बघा. डॉट ३ प्रतीचे नवे फ्लुइड किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते, आणि गोव्याच्या दमट हवेत ते पाणी शोषतेच. दोन वर्षांनी बदलायचे. चाकाच्या तोंडावर सपाट बंद टोप्या बसवायचा मोह होतो, वाऱ्याला त्या बऱ्या असतात, पण घाटाने नेमाने जाणाऱ्याने त्या लावू नयेत असे माझे मत आहे.

मागची बाजू लवकर होते. पोकळीतली हवा मागून, खालून निघते आणि नेमका तिथेच आपण रुंद मडफ्लॅप टांगतो. टायरपेक्षा रुंद मडफ्लॅप म्हणजे मागे धरलेले सूपच. ऑक्टोबर ते मे मी टायरच्या रुंदीचा, आखूड मडफ्लॅप ठेवते. मिरग लागला की मोठा परत, कारण तेव्हा मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर चिखल न उडणे जास्त महत्त्वाचे. मडगार्डच्या पत्र्यात मागे फटी पाडून हवा काढणे शर्यतीच्या गाड्यांना शोभते. आपण पत्रा कापू नये. गंजाचा प्रश्न आहेच, शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. बोल्ट सोडले की दहा मिनिटांत गाडी मूळ रूपात यावी, एवढ्याच मर्यादेत मी राहते.

आता पोकळीतल्या दाबाचे मोजमाप. कारखान्यात मापाशिवाय आम्ही कशावर विश्वास ठेवत नाही, इथे का ठेवावा? मत्स्यपेटीची पारदर्शक नळी घ्या, तिचे एक तोंड लायनरला पाडलेल्या बारीक भोकात असे बसवा की ते आतल्या पृष्ठभागाशी सपाट राहील, बाहेर डोकावणार नाही. दुसरे टोक केबिनमध्ये आणून इंग्रजी यू च्या आकारात वळवा, त्यात खायचा रंग घातलेले पाणी. यू चे दोन्ही पाय फळीवर तिरके ठेवा, पाच सेंटिमीटर लांबीला एक सेंटिमीटर चढ, म्हणजे दोन पायांतल्या पाण्याचा फरक पाचपट मोठा दिसतो. ८० च्या वेगाला वाऱ्याचा पूर्ण दाब सुमारे २९ मिलिमीटर पाण्याएवढाच असतो, सरळ नळीत त्यातला बारीक फरक वाचता येत नाही. काचा बंद, पंखा बंद, दोन्ही वेळा सारखेच. वाचणारा दुसरा माणूस हवा, चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघायचे. माझा भाचा फोनने चित्रण करत होता. पट्ट्या लावल्यावर ८० ला तो ओरडला, “मावशे, उतरलं बघ!” तिरक्या नळीत दोन पायांतल्या पाण्याचा फरक बारा मिलिमीटरने उतरला होता, म्हणजे पोकळीतला दाब खराखुरा सुमारे अडीच मिलिमीटर पाण्याएवढा घटला होता.

दाब घटला म्हणजे विरोध घटलाच असे नाही, त्यासाठी गाडी मोकळी सोडून पाहावी लागते. धारगळजवळ हमरस्त्याचा त्यातल्या त्यात सपाट तुकडा मी निवडला. मागेपुढे गाडी नाही याची खात्री करून ८० च्या थोडे वर जायचे, गिअर न्यूट्रल, इंजिन चालूच, आणि ८० वरून ६० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. किल्ली बंद केली तर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, ते करू नका. जाताना आणि येताना दोन्ही दिशांनी, म्हणजे चढ-उतार एकमेकांना खोडतो. वेळ पहाटेची, डिसेंबर-जानेवारीतली. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की सगळी मोजणी वाया. मला पट्ट्यांशिवाय सरासरी एकवीस सेकंद आणि वर थोडे असे मिळाले, पट्ट्यांसकट त्याहून अर्धा सेकंद जास्त. एका-एका फेरीत एवढा फरक आपोआपही पडतो, म्हणून एका पहाटेवर मी विसंबले नाही, तीन पहाटा मोजल्या. तिन्ही वेळा कल त्याच बाजूला होता. पेट्रोलमध्ये हे दीड-दोन टक्क्यांच्या आसपास बसते. महिन्याला अडीच हजार किलोमीटर चालणाऱ्या माझ्या गाडीला सुमारे दोन लिटर. रबर, बोल्ट आणि क्लिपांचा खर्च भरून निघायला तेवढे पुरते. शिवाय दारांवर चिखल कमी येतो, हे मी पैशात धरत नाही.

पट्ट्या लावल्यावर पहिल्या आठवड्यानंतर बोल्ट पुन्हा आवळा, रबर दबून थोडे सैल होतातच. पुढे दर सर्व्हिसिंगला बघायचे. मे अखेरीस मी त्या काढते, कारण तुंबलेल्या पाण्यातून जाताना त्या कशात अडकतील ते दिसत नाही. धुऊन, टाल्कम पावडर लावून, कागदात सपाट ठेवते. गुंडाळून ठेवल्या तर वळण धरतात. डावी आणि उजवी सारख्या दिसतात पण सारख्या नसतात, म्हणून रबराच्या वरच्या कडेला पांढऱ्या रंगाने डा आणि उ लिहिले आहे, आणि पुठ्ठ्याचे दोन्ही नमुने त्यांच्याबरोबर त्याच पाकिटात आहेत.